परदेशात नेट: आपलं रोमिंग, तिथलं सिम की ई-सिम?

सुट्ट्या जवळ आल्या की ओळखीतल्या तीन-चार घरांतून हमखास हाच फोन येतो, तिकडे गेल्यावर नेटचं काय करायचं. बँकॉकला मी विमानतळावरचं सिम घेतलं होतं, दुबईला आपलंच रोमिंग (म्हणजे इथलंच सिम तिकडे चालवायचं) आणि युरोपला ई-सिम (कार्ड न घालता नेटवरून फोनमध्येच उतरवून घ्यायचं सिम), म्हणजे तिन्ही वापरून झालंय, त्यामुळे जे स्वतः बघितलं ते लिहितोय. कुठल्या पॅकला किती जीबी आणि किती दिवस हे सगळं ॲपवर दिसतंच आणि ते सारखं बदलतही असतं, त्यात पडत नाही.

आधी एक सांगायला हवं कारण माझा निर्णय त्यावरच झाला. माझे बाबा गिरगावात राहतात, वय ८१. मोबाइल घेऊन दिलाय पण तो कपाटात असतो, त्यांचा फोन म्हणजे लँडलाइन, आणि माझा नंबर त्यांना तोंडपाठ. एवढा एकच नंबर. व्हॉट्सॲपच्या भानगडीत ते पडत नाहीत आणि आता या वयात पडावं असं मलाही वाटत नाही.

तर बँकॉक. सुवर्णभूमीला, म्हणजे तिथल्या विमानतळावर, सामान घेऊन बाहेर आलं की सिमचे काउंटर समोरच असतात. पासपोर्ट दिला, फोटो काढला, काउंटरवरच्या मुलीने पिन घालून ट्रे काढला, आपलं कार्ड एका छोट्या पुठ्ठ्याला सेलोटेपने चिकटवून माझ्या हातात दिलं आणि पाच मिनिटांत नेट चालू. खरं सांगतो, नुसतं नेट बघायचं तर मला आजपर्यंत इतकं चांगलं कुठेच मिळालं नाही. स्पीड मी मोजला नाही, पण रात्री हॉटेलवर दोन्ही मुलं एकाच हॉटस्पॉटवर व्हिडिओ बघत बसायची आणि एकदाही अडकलं नाही. शिवाय तिथला नंबर मिळतो आणि त्याचा उपयोग होतो, ग्रॅबची, म्हणजे तिकडच्या ओला-उबरसारखी, गाडी बोलावली की ड्रायव्हर गेट सापडलं नाही म्हणून सरळ फोन करतो, भारतातला नंबर दिसला तर तो का करेल. आणि स्वस्त, खूपच स्वस्त. बँकॉकमध्येच आठ-दहा दिवस असाल आणि मागे घरी कोणी वाट बघणारं नसेल तर यावर मी काही बोलणार नाही, खुशाल घ्या.

माझं अडलं ते त्या पुठ्ठ्यावर. भारतात विकल्या जाणाऱ्या आयफोनमध्ये बहुतेक मॉडेलला कार्डाची जागा एकच असते, दुसरी लाइन हवी तर ई-सिम. त्यामुळे थाई कार्ड आत गेलं की आपलं कार्ड पाकिटात. निघायच्या घाईत बाबांना हे नीट सांगायचं राहून गेलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी फोन लावला, आपण ज्यांना फोन करत आहात ते संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहेत. परत लावला, परत तेच. ते दर अर्ध्या तासाने लावत राहिले, जेवले नाहीत, शेवटी शेजारच्या काकूंकडे गेले आणि काकूंच्या मुलाने मला व्हॉट्सॲपवर मेसेज टाकला तेव्हा बँकॉकमध्ये रात्रीचे साडेअकरा झाले होते, म्हणजे आपल्याकडे दहा. बायकोच्या कानातल्याच्या काट्याने ट्रे उघडून आपलं कार्ड परत घातलं तर नो सर्व्हिस, कारण मुंबईहून निघताना आंतरराष्ट्रीय रोमिंग चालूच करून घेतलं नव्हतं. मग पुन्हा थाई कार्ड, पुन्हा व्हॉट्सॲप, त्या मुलाने फोन बाबांकडे नेला आणि बाबांनी विचारलं काय, तर मुलांना तिकडचं खाणं चालतंय ना. एवढंच विचारायचं होतं त्यांना. त्यासाठी ते चार तास खुर्चीत बसून होते. हे माझ्या डोक्यातून गेलं नाही अजून.

ओटीपीचं दुखणं तर सगळ्यांना माहीत आहे. कार्ड पाकिटात म्हणजे बँकेचा एसएमएस हवेतच राहतो, आणि काही पेमेंटची ॲप नोंदवलेलं सिम फोनमध्ये दिसलं नाही तर परत पहिल्यापासून नोंदणी मागतात, जी परदेशात बसून होत नाही. आता तर यूपीआय बाहेरही चालायला लागलंय, आयफेल टॉवरच्या तिकिटांसाठी २०२४ मध्ये सुरू झालं, म्हणजे आपलं सिम फोनमध्ये असणं दिवसेंदिवस जास्तच लागणार.

दुबईच्या वेळी मी ठरवलं, काही नको, आपला नंबर आहे तसा राहू दे. मेहुणी शारजाला असते, तिच्याकडे आठवडाभर होतो. रोमिंग पॅक घेतला, उतरल्यावर फोन चालू केला आणि संपलं, काही करावंच लागलं नाही. बाबांनी गिरगावातून फिरवला नंबर आणि माझ्या खिशात वाजला. या सुखाला मी किंमत लावणार नाही. आणखी एक गोष्ट तिथे कळली जी आधी माहीत नव्हती. यूएईत व्हॉट्सॲपवर मेसेज जातात पण कॉल बंद असतात, मेहुणीच्या फोनवर कधीच लागत नाहीत, माझ्या रोमिंगवर मात्र लागत होते. कारण रोमिंगचा डेटा बहुधा आपल्या कंपनीमार्फत फिरून येतो, तिथल्या नेटमधून थेट बाहेर पडत नाही. चीनला जाणाऱ्यांनी तर हे लक्षातच ठेवा, तिथलं सिम घेतलंत तर गुगल आणि व्हॉट्सॲप दोन्ही बंद, रोमिंगवर सहसा चालतं. अर्थात या फिरून येण्यामुळेच नेट जरा रेंगाळतं असं मला जाणवलं, मॅप उघडायला वेळ लागायचा, भर चौकात उभं राहून गोल फिरणारं चाक बघत बसायचो.

रोमिंगला मी वाईट म्हणणार नाही, पण चौघांचं कुटुंब असेल तर माणशी एक पॅक म्हणजे खर्च डोळ्यावर येतो आणि एकाच फोनच्या हॉटस्पॉटवर सगळे बसले तर दुपारी दोनलाच बॅटरी जाते. त्यात माझ्या कंपनीचा पॅक मी घरून निघताना चालू केला तर दिवस तिथूनच मोजले गेले, विमानतळावरचा आणि विमानातला वेळ फुकट गेला, तेव्हा पॅक कधीपासून मोजतात ते आधी विचारून घ्या. आणि विमानात किंवा क्रूझवर फोन एअरप्लेन मोडवरच ठेवा, तिथे जे नेटवर्क पकडतं ते वेगळं असतं, देशाच्या पॅकमध्ये ते बहुतेक वेळा धरत नाहीत आणि बिल बघून रडू येईल असं येतं.

मग युरोप. पॅरिस, तिथून ल्युसर्न, मग रोम, आपली मराठी मंडळी जातात तोच रस्ता. यावेळी दोन्ही केलं. आपलं कार्ड फोनमध्ये तसंच ठेवलं, त्यावर रोमिंग चालू पण डेटा रोमिंग बंद, आणि नेटसाठी युरोपचं ई-सिम घरूनच घालून घेतलं. येणारा एसएमएस रोमिंगवर फुकट असतो, निदान माझ्या कंपनीत आहे, त्यामुळे ओटीपी येत राहिले आणि बाबांना माझा नंबर लागत राहिला. फोन उचलला तर मिनिटाचे पैसे पडतात पॅक नसेल तर, ते पडू दे, मी उचलतो. ल्युसर्नला तळ्याकाठी बसलो होतो तेव्हा त्यांचा फोन आला, दोन मिनिटं बोललो, थंडी किती आहे विचारलं त्यांनी. त्या दोन मिनिटांचे जे काही गेले ते मला आठवतही नाहीत.

युरोपमध्ये ई-सिमचा खरा फायदा कळतो तो स्वित्झर्लंडमुळे. युरोपियन युनियनमध्ये १५ जून २०१७ पासून एका देशाचं सिम दुसऱ्या देशात जास्तीच्या चार्जशिवाय चालतं, पॅरिसचं सिम रोममध्ये बिनधास्त. पण स्वित्झर्लंड युनियनमध्ये नाही, आणि ब्रिटनही आता नाही. आमच्याच ग्रुपमधल्या एका काकांनी पॅरिसला सिम घेतलं होतं, बासेलला गाडीतून उतरलो आणि त्यांचं नेट गेलं ते इटलीत शिरेपर्यंत आलं नाही, चार दिवस ते माझ्या हॉटस्पॉटवर होते. आणि फोटो काढण्यासारखे दिवस तर नेमके तेच ना. काही सिममध्ये स्वित्झर्लंड असतंही, पण पाकिटावर युरोप असं मोठं लिहिलंय म्हणून समजून चालू नका. ई-सिम घेतानाही देशांची यादी उघडून स्वित्झर्लंड आणि ब्रिटन ही दोन नावं स्वतःच्या डोळ्यांनी बघा, मी दोनदा बघितली होती.

ई-सिमचेही त्रास आहेत, नाही असं नाही. बहुतेक ई-सिम नुसतं डेटाचं असतं, नंबर मिळत नाही, त्यामुळे टॅक्सीवाला किंवा हॉटेलवाला यांच्याशी व्हॉट्सॲपवरच बोलायचं, आणि पूर्वी स्काइपवरून थोडक्या पैशांत लँडलाइनला फोन लावता यायचा ते स्काइपच मे २०२५ मध्ये बंद झालं. काही अडलं तर चॅटवर बोला, समोर काउंटर नाही की पासपोर्ट आपटून विचारता येईल. जानेवारी २०२४ मध्ये तर अशा दोन मोठ्या ई-सिम कंपन्यांची ॲप सरकारच्या सांगण्यावरून भारतातल्या ॲप स्टोअरमधून काढली गेली होती, त्यामुळे निघायच्या आदल्या रात्रीपर्यंत थांबू नका. आणि मुळात फोनला ई-सिम चालायला पाहिजे, स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश डायल करा, आयएमईआय म्हणजे फोनच्या ओळख क्रमांकासोबत ईआयडी नावाचा लांबलचक नंबर दिसला तर चालतं. चीनमधून कोणी स्वस्तात आयफोन आणून दिला असेल तर आधी हे तपासा, तिथल्या बहुतेक आयफोनमध्ये ई-सिम नसतं.

मी जे केलं तेच कोणाला करायचं असेल तर काही गोष्टी जपा. ई-सिम घरच्या वायफायवर घालून ठेवा, कारण ते उतरवायलाच नेट लागतं आणि परक्या विमानतळाचं वायफाय कधीकधी एसएमएसवर कोड पाठवतं. ई-सिम घेतल्यावर जो क्यूआर कोड येतो तो आपल्याच फोनने स्कॅन करायचा असतो, म्हणून तो दुसऱ्या फोनवर घ्या नाहीतर कागदावर छापा. दिवस सहसा तिथलं नेटवर्क पकडल्यावर मोजायला लागतात, तरी आपल्या प्लॅनचं वाचून घ्या. एकदा घातलेलं ई-सिम चुकून डिलीट करू नका, तोच कोड बहुतेक वेळा परत चालत नाही, माझ्या मुलाने फोन साफ करतो म्हणून तेच करायला घेतलं होतं, वेळेवर बघितलं म्हणून वाचलो. आणि आयफोनमध्ये सेल्युलर डेटा स्विचिंग नावाचं एक बटण आहे ते बंद करा, नाहीतर ई-सिमची रेंज गेली की फोन गुपचूप आपल्या भारतातल्या सिमवर जाऊ शकतो. व्हॉट्सॲप नंबर बदलायचा का विचारेल, नाही म्हणा, जुनाच चालू राहतो. सगळ्यात आधी, मुंबईत असतानाच, आपल्या कंपनीच्या ॲपवर आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू झालंय का ते बघा. माझी बँकॉकची ती रात्र याच्यावरच गेली.

कोणी म्हणेल आपलंच सिम ई-सिम करून घेऊ आणि कार्डाची जागा तिथल्या सिमला मोकळी ठेवू. चांगला मार्ग आहे, थायलंड-व्हिएतनामला परत गेलो तर कदाचित मीही तेच करेन, फक्त सिम बदललं की पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवतात तेव्हा हे आठवडाभर आधी उरका.

पॉकेट वायफायचं विचारतात काही जण. साडू जपानला घेऊन गेले होते, विमानतळावर घ्यायचं, परत येताना पाकिटात घालून पोस्टात टाकायचं, सोय चांगली. पण सगळ्यांनी त्या एका डबीच्या मागे मागे फिरायचं आणि ती रोज रात्री चार्ज करायची. त्या दोघांना ठीक वाटलं, आमच्या घरात एक दुकानात आणि एक रस्त्याच्या पलीकडे असं असतं, जमलं नसतं.

आईवडिलांना टूरबरोबर एकटं पाठवत असाल तर मात्र माझं मत वेगळं आहे. तिथे ई-सिम नको, दोन लाइनी नकोत, कुठली चालू कुठली बंद हे नको. त्यांच्या फोनवर सरळ मिनिटं असलेला रोमिंग पॅक घालून द्या, जास्त गेले तर जाऊ देत, आणि टूर मॅनेजरचा नंबर कागदावर लिहून त्यांच्या पर्समध्ये ठेवा.