१२ व्होल्टची आयपी ६७ एलईडी पट्टी: बाथरूमला चालते, पण टोकं कोण बंद करणार?

बेळगाव असो की निपाणी, दुकानात 'वॉटरप्रूफ स्ट्रिप' मागितली की हातात बहुधा आयपी ६५ पडते (आयपी म्हणजे धूळ आणि पाणी किती अडतं त्याचा आकडा). तिच्या फक्त वरच्या अंगाला सिलिकॉनचा थर असतो, खालची टेपची बाजू उघडी. आरशामागे, नळापासून लांब असेल तर ठीक, त्यापलीकडे नाही. इथे बोलतोय ते आयपी ६७ बद्दल: सिलिकॉनच्या नळीत घातलेली, ५०५० चिपची (५ मिमी बाय ५ मिमीचा दिवा), मीटरला ६० दिवे, मीटरला १४.४ वॅट.

माल चांगला आहे. अडचण कात्री लावल्यावर सुरू होते. ६७ हा आकडा कंपनीने टोकं बंद करून दिलेल्या पट्टीचा. तुम्ही कापलीत की त्या टोकाला तो उरत नाही. शिवाय ती चाचणी पाण्यात बुडवण्याची आहे, वाफेची नाही. दिवे लागले की नळीतली हवा तापून बाहेर पडते, बंद झाले की थंड होताना बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळाभर भिंतीच सुकत नाहीत, त्यात बंबातल्या कढत पाण्याची वाफ. फट केसाएवढी असली तरी तांबं हिरवं पडतं आणि तीन-तीन दिव्यांचे तुकडे मरू लागतात.

म्हणून कापायची ती तांब्याच्या खुणेवरच (दर ५ सेंमीला असते). नळी सेंटीमीटरभर मागे सारून वायर डाग देऊन (सोल्डर करून) जोडा. चिमट्याचे क्लिप कनेक्टर बाथरूममध्ये नकोतच. मग पट्टी पेटवून बघा, आधी नाही बघितलीत तर नंतर सगळं उकरावं लागेल. त्यानंतर नळीच्या तोंडात १०–१५ मिमी सिलिकॉन भरून टोपी बसवा आणि २४ तास हात लावू नका. सिलिकॉन न्यूट्रल क्युअरच हवं. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन सुकताना आम्ल सोडतं आणि ज्या तांब्याला वाचवायचं तेच खातं. पाण्यापासून वाचलेली पट्टीही या ट्यूबने मरू शकते. बाहेरच्या वायरजोडावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक (तापवल्यावर आवळून बसणारी नळी) चढवा, साधी नको.

मागची टेप विसरा. सिलिकॉनला काही धड चिकटत नाही, आणि ओल्या टाइलवरून पट्टी लोंबकळायला लागते. झाकणाची अॅल्युमिनियम चॅनेल स्टीलच्या स्क्रूने बसवा, घेताना नळी आत मावते का ते तपासा. बोअरचं पाणी असेल तर झाकणावर पांढरे डाग येणारच, कोरड्या फडक्याने पुसत राहा.

आरशाभोवती २ मीटर म्हणजे २८.८ वॅट, त्याला ३६ वॅटचा ड्रायव्हर (२३० व्होल्टचे १२ करणारा डबा) पुरतो. पूर्ण ५ मीटरला ७२ वॅट, म्हणजे ६ अँपिअर. १०० वॅटचा घ्या आणि दोन्ही टोकांनी वीज द्या, नाहीतर शेवटचे दिवे मंद दिसतील. ड्रायव्हर बाथरूमच्या बाहेरच ठेवा. १२ व्होल्टचं भय नाही, त्याच्या मागच्या २३० चं आहे. लाइनवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळताच लाइन तोडणारा स्विच) असल्याशिवाय वायरमनला पैसे देऊ नका.

शॉवरच्या कोनाड्यात मात्र ६७ चालवू नका. तिथे नळी पूर्ण भरलेली आयपी ६८ च, थोडी महाग पडली तरी. तिच्या जाड सिलिकॉनमुळे उजेड जरा पांढुरका दिसतो, तेव्हा ३००० केल्विनचा पिवळसरपणा हवा असेल तर २७०० ची मागा (केल्विनचा आकडा जितका कमी, तितका उजेड पिवळा).