तालुक्याच्या वाचनालयातील कात्रणांच्या फायली

आमच्या तालुक्याच्या वाचनालयात वर्तमानपत्री कात्रणांच्या विषयवार फायली वाचायला मिळतात आणि त्यांपैकी ‘सार्वमत’ (एखाद्या प्रश्नावर जनतेचे थेट मतदान) ही फाईल, स्पर्धा परीक्षेच्या मुलांनी हाताळून कोपरे फाटलेली असली तरी, सर्वांत उपयोगी आहे. स्कॉटलंडचे २०१४ चे सार्वमत ब्रिटिश सरकारच्या संमतीने झाले आणि सुमारे ५५ टक्के मतदारांनी स्वातंत्र्य नाकारले. पुढे २०२२ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने, अशी संमती नसताना स्कॉटिश संसदेला सार्वमताचा कायदा करता येणार नाही, असा निर्वाळा दिला. वेगळे होण्याची मागणी असलेल्या क्वेबेक प्रांताबाबत कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये दिलेले मत मला अधिक शहाणपणाचे वाटते: एकतर्फी फुटून निघण्याचा हक्क नाही, परंतु स्पष्ट प्रश्नाला स्पष्ट बहुमताने होकार मिळाल्यास इतरांना वाटाघाटी टाळता येत नाहीत. स्पेनमधील कॅटलोनिया प्रांताच्या २०१७ च्या स्वातंत्र्याच्या मतदानावर एकच कात्रण आहे, तेही अर्धवट.

खटकते ते हे, की वेगळ्या विदर्भाची कात्रणेही याच फायलीत घुसडली आहेत. वेगळे राज्य म्हणजे वेगळा देश नव्हे; त्यासाठी घटनेच्या कलम ३ नुसार संसदेचा कायदा लागतो, राज्य विधिमंडळाचे मत केवळ मागवले जाते, सार्वमताची त्यात तरतूदच नाही. (१९५५ च्या अहवालात विदर्भ राज्याची शिफारस करणाऱ्या फाजल अली आयोगावरचे, म्हणजे राज्य पुनर्रचना आयोगावरचे, कात्रण मात्र जपण्याजोगे आहे.) ग्रंथपालांनी तक्रार ऐकून घेतली, फाईल तशीच आहे. झेरॉक्सची सोय नाही. मोबाईलवर फोटो काढू देतात. दुपारी वीज गेली की आतल्या खोलीत काही दिसत नाही, म्हणून सकाळीच जाऊन व्हरांड्यातील जागा धरावी.