शोधखिडकी की नोंदवही? इंग्लंडच्या खेड्यातली वंशावळ काढताना

विहीणबाईंचं माहेर विल्टशरमधलं. चार-पाच पिढ्यांमागची मंडळी तिथल्या एका लहानशा गावात शेतमजुरी करायची, एवढंच त्यांना ठाऊक. मी निवृत्त, राहायला रेडिंगला, म्हणून पुढचं खोदकाम आपसूकच माझ्या गळ्यात आलं. या कामाच्या दोन वाटा आहेत. घरबसल्या संकेतस्थळावर नाव टाकायचं आणि नोंद येते का ते बघायचं, ही एक. त्या पॅरिशची, म्हणजे गावच्या चर्चच्या हद्दीची, नोंदवहीच पानापानाने वाचायची, मग ती पडद्यावरच्या छायाचित्रांत असो की काऊंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, दफ्तरखान्यात, ही दुसरी. मी दोन्हींवर चाललो आहे.

त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्या पाहिलेल्यांनी एक लक्षात ठेवावं. आपल्या त्या वहीत कूळ असतं, इथल्या वहीत दिवस असतो. १५३८ च्या हुकमापासून पॅरिशने बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं लिहून ठेवली, पण कोण कुणाचा हे जुळवणं वाचणाऱ्यावर सोडलं. आणि तिथेच माणूस फसतो.

शोधखिडकीला नावं ठेवणार नाही. पूर्वज कोणत्या गावचा हेच माहीत नसेल तर दुसरा इलाज नाही. फ्रीरेग या संकेतस्थळावर स्वयंसेवकांनी उतरवलेल्या नोंदी फुकट बघता येतात, फॅमिलीसर्चलाही पैसे पडत नाहीत. आडनाव विरळ असेल तर तासाभरात दोन पिढ्या हाती लागतात. नागपुरात बसून शोधणाऱ्याला मी चिपनहॅमच्या दफ्तरखान्यात जा असं कोणत्या तोंडाने सांगू?

माझं मन उडालं ते एका वाक्यामुळे. ‘काही सापडलं नाही.’ या वाक्याचे किमान तीन अर्थ होतात. नोंद मुळात झालीच नाही, किंवा त्या वर्षांची वही अजून कुणी उतरवून घेतलेली नाही, किंवा उतरवणाऱ्याने नाव चुकीचं वाचलं. यातलं कोणतं, ते खिडकी सांगत नाही.

विहीणबाईंचे पूर्वज सॉयर, म्हणजे लाकूड चिरणारे. १८५१ च्या जनगणनेत विल्यम सॉयर बासष्ट वर्षांचा होता आणि जन्मगाव दिलेलं होतं, म्हणजे बाप्तिस्मा १७८९ च्या आसपास हवा. मी नाव टाकलं, काही सापडलं नाही. शेजारच्या गावात मात्र १७८८ चा एक विल्यम सॉयर निघाला. खेड्यातली माणसं, गेली असतील इकडून तिकडे, असं म्हणत मी त्याला घरात घेतलं आणि आठ महिने त्याच्या आजा-पणजामागे लागलो. तीन पिढ्यांचा सुबक तक्ताही विहीणबाईंना पाठवला.

मग दुसऱ्याच कुणाचं तरी दफन शोधायला विल्टशरच्या दफ्तरखान्यात गेलो. चिपनहॅम स्थानकापासून तो अगदी जवळ. मूळ गावाची वही पडद्यावर पुढे सरकवताना १७८९ च्या पानावर नजर अडली: विल्यम, जॉन आणि ॲन यांचा मुलगा. आडनावाचं पहिलं अक्षर असं लफ्फेदार की एस म्हणा नाहीतर एल. घरी येऊन खिडकीत ‘लॉयर’ टाकलं तर विल्यम तिथे बसलेला. पिढ्यान्पिढ्या करवत चालवणाऱ्या घराण्याला कुणीतरी वकील करून टाकलं होतं! मोडी वाचणाऱ्याला अशी चूक समजते. उतरवणाऱ्यावर माझा राग नाही, त्याने दिवसाकाठी अशी कितीतरी पानं वाचली असतील. आणि शेजारगावचा तो माझा लाडका विल्यम? तिथली दफनं संकेतस्थळावर नव्हतीच. वही उघडली तर तीन आठवड्यांचा असतानाच तो पुरला गेला होता. ज्याच्या पूर्वजांमागे मी आठ महिने धावलो, त्याला वंशज असणंच शक्य नव्हतं.

त्या १७८९ च्या नोंदीपुढे समासात ‘पी’ हे अक्षर होतं. १७८३ ते १७९४ या काळात प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर होता आणि गरिबांना तो माफ होता. ‘पी’ म्हणजे पॉपर, कंगाल. कुटुंब खरंच इतकं गरीब असेल असं नाही, काही पाद्री कर वाचावा म्हणूनही ते अक्षर लिहीत असावेत. पण त्या एका अक्षरामुळे मी पॅरिशच्या गरीब-मदतीच्या हिशेबवह्यांकडे वळलो. संकेतस्थळावर त्या अक्षराला रकानाच नव्हता.

पानावर न सापडणंसुद्धा दिसतं. फाटलेला कोपरा दिसतो, १६५३ ते १६६० च्या, राजा नसतानाच्या धामधुमीत रिकामी राहिलेली जागा दिसते. १७५२ पूर्वी वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे डिसेंबर १७२० च्या खाली जानेवारी १७२० येतो. पानावर तो क्रम पाहिला की गोंधळ होत नाही. नुसती तारीख मात्र वर्षभराने चकवू शकते.

अडचणी वहीलाही आहेत. १७३३ पर्यंत लॅटिन भेटू शकतं, त्याआधीच्या शतकातलं वळण डोळे फोडतं, आणि माणूस शेजारच्या पॅरिशमध्ये गेला की वही गप्प. वहीचं पान गेलंच असेल तर बिशपकडे वर्षाला पाठवलेल्या नकला बघाव्यात. १५९८ पासून तशी आज्ञा होती. नक्कल ती नक्कलच, पण मला दोनदा उपयोगी पडली.

१८३७ नंतरचंच हवं असेल, तर खुशाल खिडकीवर काम भागवा, तिथून पुढे सरकारी नोंदणी सोबतीला आहे. त्यामागे जायचं असेल आणि गाव ठाऊक असेल, तर मी तरी वहीच उघडेन. त्यासाठी प्रवासच हवा असं नाही, बऱ्याच काऊंट्यांच्या वह्यांची छायाचित्रं वर्गणी भरून घरी पाहता येतात. दफ्तरखान्यात गेलात तर पेन्सिल न्या, पेन आत चालत नाही. आणि बाप्तिस्मा सापडला की लगेच विहीणबाईंना कळवू नका, आधी पुढच्या पाच वर्षांची दफनं वाचा.