नाताळगीतांच्या जन्मकथांचे ऑडिओबुक: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या नाताळाआधी घेतलेले हे इंग्रजी ऑडिओबुक सण सरताच मागे पडेल, असा माझा अंदाज होता. प्रत्यक्षात पावसाळा लागेपर्यंत ते अधूनमधून ऐकले गेले. पहिल्या ऐकण्यात यातील प्रत्येक कथा गोड वाटते. पुन्हा ऐकताना मात्र जिला कागदपत्रांचा आधार आहे तीच तग धरते, आणि या कसोटीवर सर्व प्रकरणे सारखी उतरत नाहीत.

सर्वांत सरस प्रकरण ‘सायलेंट नाइट’चे आहे. ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फच्या चर्चमधील ऑर्गनचा भाता उंदरांनी कुरतडला आणि म्हणून ऐनवेळी हे गीत रचावे लागले, ही आख्यायिका निवेदक आधी रंगवून सांगतो आणि मग पुराव्यानिशी बाजूला सारतो. १९९५ साली उजेडात आलेल्या गीताचे शब्द लिहिणारे पाद्री योझेफ मोर यांच्या हस्तलिखितावरून शब्द १८१६ मध्येच, म्हणजे मोर ऑस्ट्रियातीलच मारियाफार या गावी असताना, लिहून झाले होते असे दिसते. २४ डिसेंबर १८१८ रोजी त्यांनी ते शिक्षक व ऑर्गनवादक फ्रान्त्स ग्रुबर यांच्या हाती दिले, ग्रुबर यांनी चाल बांधली आणि त्याच रात्री दोघांनी गिटारच्या साथीने ते गायले. ग्रुबर यांनी १८५४ मध्ये स्वतः लिहिलेल्या हकिकतीत उंदीर कोठेच नाहीत. पुढे टायरॉल या डोंगराळ प्रांतातील श्ट्रासर आणि राइनर या गायक कुटुंबांनी हे गीत दूरवर कसे नेले, तो भाग तर मी सर्वाधिक वेळा ऐकला.

‘व्हाइट ख्रिसमस’च्या प्रकरणात ही शिस्त सुटते. या गीताचे रचनाकार अर्व्हिंग बर्लिन यांचे तान्हे बाळ १९२८ च्या नाताळाच्या दिवशीच दगावले, हे खरे; परंतु गीतातील उदासपणाचे मूळ तेच, असे ठामपणे सांगणे मला धाडसाचे वाटते. त्याऐवजी लॉस एंजेलिसमधील ऊन आणि पामवृक्षांचे वर्णन करणारे, बहुतेक गायक गाळतात ते सुरुवातीचे कडवे अधिक उलगडून सांगायला हवे होते, कारण बर्फाची ओढ त्यातूनच कळते. गायक बिंग क्रॉस्बी यांचे १९४२ चे मूळ ध्वनिमुद्रण वापरून झिजल्यामुळे १९४७ मध्ये ते पुन्हा करावे लागले आणि आज बहुधा दुसरेच कानी पडते, ही माहिती मात्र नेमकी दिली आहे.

मेल टॉर्मे आणि बॉब वेल्स यांनी ‘द ख्रिसमस साँग’ जुलै १९४५ मधील उकाड्यात लिहिले. वेल्स यांनी थंडीच्या ओळी केवळ गारव्याची कल्पना करण्यासाठी वहीत उतरवल्या होत्या. मेच्या दुपारी, वीज गेलेली असताना हे प्रकरण ऐकण्याची मजा वेगळीच.

‘जिंगल बेल्स’ची बोळवण केली आहे. जेम्स पिअरपॉन्ट यांच्या १८५७ च्या या गीतात नाताळाचा उल्लेखही नाही, एवढे सांगून निवेदक थांबतो. बॉस्टनमध्ये गोऱ्या कलाकारांनी चेहऱ्याला काळे फासून कृष्णवर्णीयांची टिंगल करणाऱ्या ‘मिन्स्ट्रेल’ नावाच्या करमणुकीच्या कार्यक्रमात ते प्रथम सादर झाले, ही अवघड बाजू वगळली आहे.

संचात गाण्यांची ध्वनिमुद्रणे नाहीत, ती स्वतंत्रपणे शोधावी लागतात. सनावळीची छापील यादीही नसल्यामुळे एखादे वर्ष पडताळायचे झाल्यास पूर्ण प्रकरण पुन्हा ऐकावे लागते. चर्चच्या गायनवृंदासाठी दोन गीतांमधील निवेदन तयार करणाऱ्यांनी त्यामुळे पहिल्याच वेळी वही जवळ ठेवावी.