स्लाइडिंग स्केल की बेसल-बोलस? ॲडमिट पेशंटची शुगर

वॉर्डात अजूनही बरेच ठिकाणी स्लाइडिंग स्केलच चालतं, म्हणजे शुगर तपासायची, चार्ट बघायचा, १५० च्या वर असेल तर इतके युनिट इन्सुलिन, २०० च्या वर तर तितके. सोपं आहे, नवीन माणसालाही जमतं, पण शुगर वाढल्यावरच इन्सुलिन द्यायचं म्हणजे कायम मागेच पळत राहायचं, आणि नॉर्मल आली की डोस शून्य, मग पुढच्या वेळी परत २८०. टाइप १ वाल्याला (ज्याचं शरीर स्वतः इन्सुलिन बनवत नाही) तर नुसत्या स्केलवर ठेवणं सरळ धोक्याचं, कारण बेसल (दिवसभर पुरणारं मूळ इन्सुलिन) बंद पडलं की कीटोअ‍ॅसिडोसिस (रक्तात आम्ल साठून जीवावर बेतणं) व्हायला वेळ लागत नाही.

बेसल-बोलसमध्ये लाँग ॲक्टिंग इन्सुलिन (बेसल) रोज ठरलेलं, जेवणाआधी लगेच काम करणारं रॅपिड (बोलस), वर शुगर जास्त असेल तर थोडं करेक्शन. २००७ च्या रॅबिट २ ट्रायलमध्ये १४० च्या खालचं टार्गेट बेसल-बोलसवर ६६ टक्के लोकांनी गाठलं, स्केलवर ३८ टक्क्यांनी. पण यात डोकं लावावं लागतं हो! पेशंट उपाशी असेल तर जेवणाचा डोस द्यायचा नाही, बेसल मात्र चालू (गरज असेल तर कमी करून), किडनी खराब किंवा वय जास्त असेल तर सुरुवातच कमी डोसने. जेवणाचा ट्रे आलाच नाही आणि रॅपिड देऊन मोकळे झाले की शुगर ७० च्या खाली गेलीच समजा.

माझं मत बेसल-बोलसलाच. फक्त ज्याला आधी डायबेटिस नव्हता किंवा शुगर थोडीशीच वाढलीय त्याला सुरुवातीला नुसतं करेक्शन पुरतं, तेही शुगर सारखी १८० च्या वर राहिली तर बेसल सुरू करायचंच.