मेगापिक्सेल राहू द्या, रात्रीचा फोटो दाखवा

ट्रेल कॅमेरा (खांबाला किंवा झाडाला बांधून ठेवायचा, समोरून जनावर गेलं की आपोआप फोटो काढणारा) शोधायला बसलं की पहिले सगळे व्हिडिओ अमेरिकेतल्या हरणांचे निघतात. साहजिक आहे, तिकडं ही वस्तू जास्त करून शिकारी घेतात. हरीण कुठल्या वाटेनं येतं, किती वाजता येतं, शिंगं केवढी, हे हंगामाआधी बघून ठेवायचं आणि त्याप्रमाणे मचाण बांधायचं. फोटोखालच्या पट्टीत तारीख, वेळ, तापमान यांच्या शेजारी चंद्राची कला छापून येते ती त्यांच्याच सोयीसाठी. आमच्या घरात त्या चंद्राचा उपयोग सासूबाईंना होतो, अमावस्या कधी ते ताडून बघायला.

आपल्याकडं शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बंद आहे. त्यामुळे 'डुकरं कुठून येतात ते कळलं की फासे लावता येतील' अशा विचारानं कुणी वाचत असेल तर त्यानं कॅमेऱ्यावर पैसे घालू नयेत. डुकरासाठी लावलेल्या फाशात बिबट्याही अडकतो आणि बिबट्या त्या कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सगळ्यांत कडक संरक्षणाच्या अनुसूचीत आहे, शिक्षा तीन ते सात वर्षं.

आमची वस्ती निफाड तालुक्यात, गोदाकाठी. पुढं द्राक्षबाग, मागं ऊस, उसाच्या पलीकडं ओढा. शेतीची लाइट पाळीपाळीनं रात्रीची असते, म्हणजे मोटार चालू करायला कुणीतरी अंधारात बांधानं जायचं. आमचे हे सातपूरला कंपनीत, सेकंड शिफ्ट असली की ते काम माझ्याकडं. नाना (माझे सासरे) म्हणायचे बिबट्या ओढ्यानं येतो, भाऊजी म्हणायचे पाटाच्या कडेनं. दोघंही ठाम. मला नक्की वाट हवी होती, तेवढ्यासाठी कॅमेरा घेतला.

नाशिकला एम. जी. रोडवर विचारून बघितलं. तिथं जो तो सीसीटीव्हीच दाखवतो, फार तर सोलर पॅनलवाला सिमचा कॅमेरा. तो गोठ्यावर लावायला उत्तम, पण पॅनल उसात सावलीला गेलं की संपलं आणि ओढ्याकाठी ते पॅनल लांबून दिसतं. शेवटी ऑनलाइन मागवला, साडेसहा हजारांच्या आत. बुशनेल, ब्राउनिंग अशा नावाजलेल्या कंपन्यांच्या कॅमेऱ्यांच्या किमती याच्या कितीतरी पुढं जातात, बांधावर उघड्यावर ठेवायच्या वस्तूला तेवढे घालायची माझी तयारी नव्हती. माझ्यावरचं नाव सांगून उपयोग नाही, कारण तोच हिरवा-तपकिरी डबा पाच-सहा नावांनी विकायला आहे. आतलं सामान एकच.

डब्यावर ४८ मेगापिक्सेल लिहिलंय. या किमतीत आतला सेन्सर तेवढा नसतोच. लहान फोटो काढायचा आणि सॉफ्टवेअरनं फुगवायचा, असा प्रकार आहे. मी युरियाची रिकामी गोणी बागेच्या तारेला टांगली, पाच-सहा पावलांवर कॅमेरा ठेवला, एक फोटो १२ वर घेतला आणि एक ४८ वर. 'नीम कोटेड' ही अक्षरं दोन्हींत सारखीच वाचता येतात, खालची किमतीची बारीक ओळ दोन्हींत सारखीच फिसकटलेली. फरक फक्त फाइलच्या वजनात, कार्ड मात्र लवकर भरतं. तेव्हापासून १२ वरच ठेवलाय.

पैसे मोजताना बघायचं ते रात्रीच्या दिव्याकडं. तो इन्फ्रारेड असतो आणि प्रकाशाच्या तरंगलांबीवरून त्याचे दोन प्रकार येतात. ८५० नॅनोमीटरचा दिवा लांब पोचतो, फोटो उजळ येतो, पण पेटला की कॅमेऱ्यावर लालसर ठिपके दिसतात. ९४० चा माणसाच्या डोळ्याला दिसत नाही, पण पल्ला कमी आणि फोटोत रवाळपणा जास्त. जंगलात लावणाऱ्यानं ८५० खुशाल घ्यावा. आमच्या बांधावरून रात्री माणसंही जातात आणि लाल ठिपका दिसला तर सकाळी तिथं नुसता पट्टा लोंबकळत असेल, म्हणून मी ९४० घेतला. जाहिरातीत २५ मीटर लिहिलंय. दहा-बारा मीटरपर्यंत जनावर ओळखू येतं, त्यापुढं दोन चमकते डोळे येतात, ते मांजराचे की बिबट्याचे ते तुमचं तुम्ही ठरवा.

ट्रिगरचा वेग, म्हणजे जनावर समोर आल्यापासून फोटो निघेपर्यंतचा वेळ, ०.२ सेकंद, असंही छापलंय. रात्री एवढा वेग मिळत नाही. कॅमेरा वाटेला काटकोनात धरला की शेपटीचे फोटो जमतात. वाटेकडं तिरपा धरला तर जनावर बराच वेळ चौकटीत राहतं आणि आख्खं येतं. उंची गुडघ्याएवढी. तोंड उत्तरेला, कारण पूर्व-पश्चिमेला ठेवला तर उगवतीचं-मावळतीचं ऊन थेट आत शिरतं. समोरचं गवत आणि उसाची लोंबती पाचट छाटून टाकायची. आतला सेन्सर हलणारी उष्णता पकडतो, त्यामुळे उन्हानं तापलेलं पाचट वाऱ्यावर हललं तरी त्याला जनावरच वाटतं आणि कार्डभर पाचट मिळतं. उलट एप्रिल-मेच्या दुपारी हवाच अंगाएवढी तापते, तेव्हा समोरून कुत्रं गेलं तरी हा गप्प. रात्री पुन्हा ताळ्यावर येतो. आमच्याकडं झाड सोयीचं नव्हतं, म्हणून बागेचा जुना लोखंडी अँगल ठोकून त्याला बांधलाय.

वायफायचं मॉडेल हजारभर जास्तीनं मिळतं. बऱ्याच जणांना वाटतं की वायफाय म्हणजे फोटो घरबसल्या मोबाइलवर येणार. तसं नाही. त्याचा पल्ला दहा-पंधरा मीटरचा, म्हणजे डबा न उघडता जवळ उभं राहून फोटो बघता येतात एवढंच. घरी फोटो हवा असेल तर सिमवाला घ्यावा लागतो आणि तिथं नेटवर्कचे बँड नीट बघावे लागतात. युरोप-अमेरिकेसाठी बनवलेला स्वस्तातला सेट आपल्याकडच्या टॉवरला धरेलच असं नाही आणि जुना थ्रीजीवाला तर जिओवर मुळीच चालणार नाही. मी साधा, बिनवायफायचा घेतला. कार्ड काढते, ओटीजी रीडरनं मोबाइलला लावते, दुसरं कार्ड आत टाकते. कार्ड ३२ जीबीचं, नावाजलेल्या कंपनीचं घ्या आणि कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा.

खरा खर्च सेलचा आहे. आठ पेन्सिल सेल लागतात. साध्या अल्कलाइन सेलचा दाब हळूहळू उतरत जातो. दिवसा फोटो येत राहतात, पण रात्री दिवा पेटवायला जोर लागतो, तो सेलमध्ये उरलेला नसतो, मग काळे फोटो यायला लागतात. स्क्रीनवर बॅटरी अजून अर्धी दिसत असते! त्यात निफाडची थंडी. डिसेंबर-जानेवारीत पारा पाच-सहापर्यंत उतरतो तेव्हा अल्कलाइन आणखी लवकर मान टाकतात. चार्जिंगचे निकेलवाले सेल १.२ व्होल्टचे, त्यामुळे बॅटरीचं चित्र पहिल्यापासूनच कमी दाखवतं, पण रात्रीचा दिवा शेवटपर्यंत नीट पेटतो. आठ-आठचे दोन संच आणि चार्जर हे कॅमेऱ्याच्या किमतीतच धरून चाला. घेण्याआधी एवढं मात्र विचारा की १.२ व्होल्टवर चालतो का. काही मॉडेल चालत नाहीत.

आता आलं काय ते सांगते. कुत्री, मांजरं, मुंगसं, मोर हे रोजचं. साळिंदर आलं, काटे फुलवून, कॅमेऱ्याला पाठ करून. डुकरं आली, ती ओढ्याच्या बाजूनं, नानांचं तेवढं बरोबर निघालं. बिबट्या मात्र ना ओढ्यानं आला ना पाटाच्या कडेनं. तो ऊस आणि बाग यांच्या मधल्या बांधानं येतो, म्हणजे बरोबर मोटारीच्या वाटेनं. पहिला फोटो रात्री नऊच्या आतला. पुढचा डावा पाय उचललेला, कान मागं वळलेले, डावी कूस पूर्ण चौकटीत आणि खुब्यावरचे दोन ठिपके जुळून मराठी चारच्या आकड्यासारखी खूण. वेळही साधारण ठरलेली, संध्याकाळी जेवणाच्या सुमाराला एकदा आणि पहाटे परत. मोटारीला मोबाइलवरून चालू होणारा स्टार्टर बसवा म्हणून मी वर्षभर सांगत होते. तो फोटो बघितल्यावर ह्यांनी त्याच आठवड्यात बसवला. शेळ्याही मागच्या कुडाच्या छपरातून जाळीच्या शेडमध्ये आल्या.

त्या चाराच्या खुणेनं आणखी एक काम केलं. आमच्या शिवारात चार बिबटे आहेत अशी बोलवा होती. डाव्या कुशीचा जेवढा म्हणून फोटो आला त्या प्रत्येकात तीच खूण आहे. बिबट्याचे ठिपके प्रत्येकाचे वेगळे असतात आणि व्याघ्रगणनेतही पट्टे-ठिपके जुळवूनच मोजतात. २०१८ च्या गणनेत देशभरात २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लागले होते आणि वाघांच्या ७६ हजारांवर फोटोंबरोबर बिबट्यांचेही ५१ हजारांवर फोटो आले. शेजारच्या अहिल्यानगर (नगर) जिल्ह्यातल्या अकोल्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी याच पद्धतीनं शेतातले बिबटे मोजले. २०१३ साली छापून आलेला आकडा १०० चौरस किलोमीटरला साधारण पाच प्रौढ बिबट्यांचा होता आणि तरसंही जवळपास तेवढीच. तरसांबद्दल कुणी ग्रामसभा बोलावत नाही, ते सोडा.

वनरक्षकांना फोटो दाखवले. तारीख-वेळ छापलेली असली की बोलणं लगेच मुद्द्यावर येतं, 'कुणीतरी बघितला म्हणे' यात वेळ जात नाही. वन विभागाचा १९२६ नंबरही घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये ठेवलाय. फोटो त्याच दिवशी गावच्या ग्रुपवर टाकायचा नाही, हा मात्र माझा नियम. टाकला की अर्ध्या तासात बॅटऱ्या घेऊन पोरं बांधावर.

बायकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण कुठल्याच व्हिडिओत ती नसते. पहाटे बायका शिवारात जातात, दिवसा मजूर बायका बागेत वाकून काम करतात. कॅमेरा कुणाचाही फोटो काढतो, त्याला कळत नाही. सेटिंगमध्ये टायमर असतो. मी आता संध्याकाळी सात ते पहाटे साडेचार एवढाच चालू ठेवते आणि कामाला येणाऱ्या सगळ्यांना तो कुठं आहे ते दाखवून ठेवलंय. सेलही वाचतात. ज्या मॉडेलमध्ये टायमर नाही ते घेऊ नका, कितीही स्वस्त असो.

खोड्या आहेतच. सोबतच्या पट्ट्याचं प्लास्टिकचं बक्कल पहिल्याच उन्हाळ्यात तडकलं. सेल बदलले की घड्याळ मागं जातं, प्रत्येक वेळी तारीख बघावी लागते, नाहीतर जूनमधला बिबट्या जानेवारीत निघतो. पावसाळ्यात सेलच्या कप्प्यात मुंग्यांनी अंडी घातली, आता अँगलला खाली ग्रीसचा पट्टा मारलाय. आणि बागायतदारांनो, बोर्डो (मोरचूद-चुन्याचं औषध) मारताना फवारणीचा ब्लोअर जवळून गेला की भिंगावर निळसर थर बसतो, सेन्सरच्या काचेवरही बसतो आणि मग फोटो येणंच कमी होतं. फवारणीआधी वर पिशवी बांधा, विसरलात तर ओल्या फडक्यानं पुसा, कोरड्यानं चरे पडतात. पाण्याची मात्र तक्रार नाही, दोन मोठे पाऊस झाकणाच्या रबरानं नीट झेलले.

पाचपैकी साडेतीन देते. अर्धा पट्ट्याला कापला, एक त्या ४८ मेगापिक्सेलच्या थापेला. तरीही दुसरा हाच घेणार आहे, पहिल्याच्या समोर थोडा सरकवून लावायला, म्हणजे दोन्ही कुशी एकदमच मिळतील. बिबट्या परतताना उजवीकडून दिसतो, पण तो हाच हे जुळवायला त्या बाजूची खूण अजून माझ्याकडं नाही. पट्टा या खेपेला मोटारसायकलवर सामान बांधतात तो, लोखंडी कडीचा.