आर्लिंग्टन हाउस: आधी मागच्या खोल्या पाहाव्यात

अमेरिकेच्या राजधानीजवळील आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय स्मशानभूमीत राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या समाधीपाशी थांबून बहुतेक पर्यटक मागे फिरतात. परंतु त्याच टेकडीच्या माथ्यावरील आर्लिंग्टन हाउससाठी आणखी तासभर अवश्य राखून ठेवावा. प्रवेश विनामूल्य आहे, चढण मात्र दमवते.

जॉर्ज वॉशिंग्टन पार्क कस्टिस यांनी १८०२ ते १८१८ या काळात हे घर बांधून घेतले. पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या पत्नी मार्था यांचे हे नातू वडील गेल्याने माउंट व्हर्ननला, वॉशिंग्टन यांच्या घरी, आजीकडेच वाढले आणि सज्ञान होताच येथील सुमारे ११०० एकर जमिनीचे व अनेक गुलामांचे धनी झाले. मेंढ्या पाळणे, नाटके लिहिणे, युद्धचित्रे रंगवणे, भाषणे देणे हे सारे त्यांनी हौसेने केले. पोटासाठी काही करण्याची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नाही. दर्शनी आठ खांब दुरून अस्सल संगमरवरी वाटतात, पण जवळ गेल्यावर कळते की ते विटांचे असून गिलाव्यावर संगमरवराच्या शिरा रंगवलेल्या आहेत.

खरे पाहण्यासारखे आहे ते घरामागे. तेथील गुलामांच्या खोल्यांपैकी एकीत सेलिना ग्रे पती आणि आठ मुलांसह राहत. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि मालकीणबाई, म्हणजे कस्टिस यांची मुलगी मेरी ली, घर सोडून गेल्या, तेव्हा किल्ल्या सेलिनांच्या हाती आल्या. घराचा ताबा घेतलेले उत्तरेचे सैनिक जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या वस्तू लांबवत असल्याचे लक्षात येताच सेलिनांनीच ते थेट त्यांच्या सेनापतींच्या कानावर घातले. गुलाम आईच्या पोटी जन्मलेली कस्टिस यांची मुलगी मारिया सायफॅक्स यांना सतरा एकर जमीन मिळाली होती, पण (आपल्या भाषेत) सातबारा त्यांच्या नावावर नव्हता, त्यामुळे सरकारने इस्टेट ताब्यात घेतली तेव्हा तीही गेली आणि ती परत मिळावी म्हणून १८६६ मध्ये काँग्रेसला (अमेरिकी संसदेला) कायदा करावा लागला.

कस्टिस १८५७ मध्ये वारले. चार नातींना प्रत्येकी दहा हजार डॉलर द्यावेत आणि गुलामांना पाच वर्षांच्या आत मुक्त करावे, असे त्यांचे मृत्युपत्र होते. ते अमलात आणण्याचे काम जावई रॉबर्ट ली (पुढे यादवी युद्धात दक्षिणेचे सेनापती) यांच्याकडे आले आणि त्यांनी ही मुदत अखेरपर्यंत ताणली. आपण मुक्तच आहोत असे समजून १८५९ मध्ये पळालेले येथील गुलाम वेस्ली नॉरिस पकडले गेले. मुक्तीच्या कागदावर ली यांची सही झाली ती २९ डिसेंबर १८६२ रोजी.

म्हणून आधी मागच्या खोल्या पाहाव्यात आणि मग दिवाणखान्यात जावे.